ताटापासून नर्मदेपर्यंत

जबलपूरमधल्या सातवीतल्या कुठल्याही मुलीला विचारा, नर्मदा कुठे उगम पावते? उत्तर तयार असतं : अमरकंटक. लांबी? १३१२ किलोमीटर. कुठल्या समुद्राला मिळते? अरबी. आता विचारा, महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी सगळ्या पूर्वेला जातात, मग आपली नर्मदाच पश्चिमेला का? इथे गाडी अडते. ग्वारीघाटावर तिने शंभरदा पाय भिजवलेले असतात, पण हा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसतो.

म्हणून पालक विचारतात, मुलांना भूगोल पाठ होतो पण कळत नाही, तर घरी काही करता येईल का? बटाटे, पोळ्या, काठ्या घेऊन शिकवलं तर खरंच काही समजतं, की नुसती करमणूक होते?

दोन्ही होऊ शकतं. वस्तू हातात घेतली आणि "झालं, पृथ्वी अशी असते" म्हणून ठेवून दिली, तर करमणूक. समजायचं असेल तर आणखी दोन गोष्टी कराव्या लागतात. त्या वस्तूला मुलाने पाहिलेलं एखादं खरं ठिकाण जोडायचं आणि मग विचारायचं, ही वस्तू त्या ठिकाणासारखी कुठे नाही? हा शेवटचा प्रश्न आपण बहुतेक वेळा गाळतो. माझ्या मते सगळा अभ्यास तिथेच आहे.

उकडलेलं अंडं घ्या. कवच म्हणजे भूकवच, पांढरं म्हणजे प्रावरण, पिवळं म्हणजे गाभा, हे सगळ्या शाळांत सांगतात. आता हिशेब करा. अंड्याच्या मध्यापासून कवचापर्यंत साधारण २२ मिलिमीटर, कवचाची जाडी ०.३५ मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे कवच त्रिज्येच्या त्रेसष्टाव्या भागाएवढं. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, आपल्या पायाखालचं भूकवच साधारण ४० किलोमीटर. हे झालं एकशेसाठाव्या भागाएवढं. अंड्याचं कवच अडीच पट जाड निघालं! मग मुलांना सांगा, २२ मे १९९७च्या मध्यरात्रीनंतर जबलपूर हादरलं, ५.८ तीव्रतेचा तो भूकंप सुमारे ३५ किलोमीटर खोल झाला होता, म्हणजे जवळजवळ कवचाच्या तळाशी. किल्लारी आणि कोयनेचे भूकंप याहून खूप उथळ होते. आता अंड्याच्या कवचाची आतली बाजू मुलं वेगळ्या नजरेने बघतात.

पुढच्या प्रयोगांसाठी जबलपूर मी मुद्दाम निवडलं. शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत ग्रॅनाइट, संगमरवर, डायनासोरच्या हाडांचे थर, लाव्हाचा खडक, नर्मदा आणि कर्कवृत्त हे सगळं येतं. शिवाय १९५६पर्यंत हे गाव नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होतं, त्यामुळे मामा नागपूरला आणि भाचरं जबलपूरला अशी मराठी घरं आजही आहेत. शेवटच्या प्रयोगाला हे नातं कामी येणार आहे.

१. ताटाचा नकाशा

नकाशा मुलांना अवघड का जातो? आपण जग समोरून पाहतो आणि नकाशा वरून काढलेला असतो. ही उडी मुलं आपोआप मारत नाहीत, मारायला शिकवावी लागते.

जेवणाचं ताट वाढून जमिनीवर ठेवा आणि मुलाला स्टुलावर उभं करा. वाटी, मीठ, लिंबाची फोड, पोळी हे सगळं वरून दिसेल तसं काढायला सांगा. लहान मुलं पहिल्यांदा वाटी बाजूने काढतात, काठ वर आणि बूड खाली. काढू द्या. मग पुन्हा स्टुलावर चढवून विचारा, "तुला वाटीचं बूड दिसतंय का?" दुसऱ्या चित्रात वाटीचं वर्तुळ होतं.

आता प्रमाण. ताट ३० सेंटिमीटर रुंद, वहीतलं वर्तुळ ६ सेंटिमीटर. कागदावरचा १ म्हणजे जमिनीवरचे ५, म्हणजे हा १ : ५चा नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचा नेहमीचा नकाशा १ : ५०,००० असतो. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. भेडाघाट जबलपूर शहरापासून सुमारे २० किलोमीटर, म्हणजे कागदावर ४० सेंटिमीटर. ताटापेक्षाही लांब!

ताटानंतर खोली, मग घर, मग गल्ली. स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दोंच्या शाळेत पेस्टालोझी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच क्रमाने शिकवत. मुलांना जवळच्या ब्युरों नदीच्या खोऱ्यात हिंडवून आणायचं, तिथलीच माती शाळेत आणायला लावायची, बाकावर त्या मातीचं खोरं बनवून घ्यायचं आणि त्यानंतरच नकाशा दाखवायचा. आपल्याकडे नकाशा पहिल्या दिवशी भिंतीवर चढतो आणि खोरं कधीच बघितलं जात नाही.

२. बटाट्याचा डोंगर

नकाशावरच्या तपकिरी वळणदार रेषांना समोच्च रेषा म्हणतात. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात. ही व्याख्या पाठ करून काहीच दिसत नाही. बटाट्याने दिसतं.

मोठा, एका बाजूला जरा फुगीर बटाटा घ्या. उभा कापून अर्धा भाग पालथा ठेवा. हा डोंगर. वरून खालपर्यंत दोन टूथपिक आरपार घालून काढून घ्या, म्हणजे भोकं राहतील. मग पाटाला समांतर एकेक सेंटिमीटरच्या चकत्या कापा. सर्वांत खालची चकती कागदावर ठेवून पेन्सिलने कड गिरवा, भोकांच्या जागी ठिपके द्या. पुढची चकती त्याच ठिपक्यांवर भोकं जुळवून ठेवा, पुन्हा गिरवा. शेवटच्या चकतीपर्यंत असंच. कागदावर एकात एक वेडीवाकडी वर्तुळं उमटतात. जिथे बटाट्याची बाजू खडी होती तिथे रेषा चिकटून आल्या, जिथे उतार सौम्य होता तिथे लांब लांब पडल्या. १ : ५०,०००च्या नकाशावर दोन रेषांत सहसा २० मीटरचा फरक असतो, तर आपली प्रत्येक चकती २० मीटरची समजायची.

बटाटा कुठे फसला? तो गुळगुळीत आहे. जबलपूरमधली मदन महालची टेकडी अशी नाही, तिच्या अंगावर पावसाने ओहोळ पाडलेत. म्हणून दुसरा अर्धा भाग घ्या आणि कापण्याआधी चमच्याच्या दांड्याने माथ्यापासून पायथ्यापर्यंत एक खोबण कोरा. आता चकत्या गिरवल्या की प्रत्येक रेषा खोबणीपाशी आत वळते आणि तिचं टोक माथ्याकडे असतं. नकाशावर नाला कुठे आहे हे नाव न वाचता ओळखण्याची हीच खूण. हे एकदा हाताने गिरवलेलं मूल नाला आणि डोंगराची सोंड यांत गफलत करत नाही. आठवीनंतरच्या पुष्कळ मुलांची ती होते.

उरलेल्या चकत्यांच्या काचऱ्या करा.

३. चुरगळलेला कागद आणि तीन नद्या

वहीचा एक कागद घट्ट चुरगळा, मग अर्धवट उलगडून ताटात ठेवा. त्याच्या उंच घड्या म्हणजे डोंगररांगा. त्या घड्यांच्या कडांवर शाई पाण्यात विरघळते अशा पेनाने रेघा ओढा. आता हाताने पाणी शिंपडा, अगदी हलकं.

इथे घाई करू नका. पहिले थेंब घडीच्या कडेवर क्षणभर थांबतात, मग फुटून एक भाग या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला घरंगळतो. शाई त्यांच्याबरोबर निळ्या धाग्यासारखी उतरते. दोन धागे खळग्यात भेटतात, जाड होतात, पुढे निघतात. जिथे वाट बंद असते तिथे निळं डबकं साचतं. ज्या कडेवर पाण्याने दिशा ठरवली तिला जलविभाजक म्हणतात, आणि एका नदीकडे जाणारं पाणी ज्या सगळ्या भागातून येतं तो तिचं खोरं.

आता हा कागद जबलपूरला लावा. नर्मदा मेकल डोंगरात अमरकंटकला निघते आणि पश्चिमेला वळते. त्याच परिसरातून निघालेला शोण उत्तरेला आणि पुढे पूर्वेला जाऊन पाटण्याजवळ गंगेला मिळतो. दक्षिणेला सिवनी जिल्ह्यात वैनगंगा उगम पावते. ती बालाघाट, भंडारा, गडचिरोली असं करत प्राणहितेतून गोदावरीत जाते. सुटीत मामाकडे नागपूरला निघालेल्या जबलपूरच्या मुलांची बस हे दोन खोऱ्यांमधलं विभाजक ओलांडते. एका बाजूला पडलेला पाऊस भरूचजवळ खंभातच्या आखाताला जातो, दुसऱ्या बाजूचा आंध्रच्या किनाऱ्याला. कटनीकडे गेलात तर तिसरं दार : कटनी नदीचं पाणी शोणमार्गे गंगेत. खिडकीतून मात्र काहीच नाट्यमय दिसत नाही. पुष्कळदा हे विभाजक म्हणजे शेतातला न जाणवणारा उंचवटा असतो. कागदाच्या धारदार घडीने मुलाच्या डोक्यात जो चुकीचा डोंगर उभा राहतो, तो इथे मोडायचा.

मग नर्मदा पश्चिमेला का? तीन जाड वह्या उभ्या करून दोन तळव्यांत दाबून धरा आणि हात किंचित सैल करा. मधली वही खाली सरकते. उत्तरेला विंध्य, दक्षिणेला सातपुडा आणि मधला लांबच लांब पट्टा भूकवचातल्या भेगांच्या बाजूने खचलेला. या खचदरीचा उतार पश्चिमेकडे आहे. दख्खनचं पठार पूर्वेला कललेलं असलं तरी नर्मदेला आपली पन्हळ सोडून जाता येत नाही. शेजारची तापीही अशीच. वही मात्र क्षणात सरकते, जमिनीला कोट्यवधी वर्षं लागली. आणि काम संपलेलं नाही. १९९७चा भूकंप याच भेगांच्या पट्ट्यातला होता.

४. पोळ्यांचा डबा

डब्यातल्या पोळ्या दाखवून विचारा, सगळ्यांत आधी कुठली भाजली? तळाची. हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. खडकांच्या थरांना भूशास्त्रज्ञ पहिल्यांदा हाच नियम लावतात : खालचा थर जुना, वरचा नवा.

जबलपूरच्या टेकड्यांत लमेटा घाटावरून नाव मिळालेले थर आहेत आणि त्यांच्या वर दख्खनच्या लाव्हाचा काळा बेसाल्ट. हाच बेसाल्ट सह्याद्रीत शेकडो मीटर जाड आहे. रायगड, सिंहगड त्यावरच उभे आहेत. लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मग लमेटा थर? पोळी खालची, म्हणजे त्याच्या आधीचे. या थरांतली मोठी हाडं १८२८ साली कॅप्टन विल्यम स्लीमन यांनी जबलपूरला शोधली. ठगांचा बंदोबस्त करणारे म्हणून ज्यांचं नाव आपण ऐकतो, तेच हे. आशियातल्या डायनासोरच्या सर्वांत जुन्या शोधांत त्याची गणना होते. १८७७मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. मुलांना सांगा : इथे आधी डायनासोर हिंडले, मग त्या जमिनीवर लाव्हा पसरला. हे कुणी पाहिलेलं नाही, थरांच्या क्रमावरून काढलेलं आहे.

आणि पोळ्या कुठे फसतात? काही घरांत सगळ्या पोळ्या झाल्या की चवड उलटी करून डब्यात ठेवतात. मग तळाची पोळी सर्वांत नवी! मुलांनी हे बोलून दाखवलं तर त्यांची पाठ थोपटा, कारण पर्वत घडताना थरांना घड्या पडतात आणि कधीकधी चवड अशीच उलटी होते. भेडाघाटचा संगमरवर तर दाब आणि उष्णतेने पार बदललेला चुनखडक आहे. त्याला डब्याचा नियम सरळ लावताच येत नाही.

५. जेवण येतं कुठून

१९१७ साली पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने जबलपूरच्या नगररचनेवर अहवाल लिहिला. १९१९पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. शिकणाऱ्याने उभं आहे तिथून सुरुवात करावी आणि मग जगाकडे जावं, हा त्यांचा आग्रह होता. एडिंबरामधल्या त्यांच्या मनोऱ्यात माथ्यावर गावाचं दृश्य आणि खाली उतरत जाल तसं शहर, देश, युरोप, जग अशी मांडणी होती. डोंगरापासून समुद्रापर्यंत नदीचा उभा छेद काढायचा आणि कुठल्या उंचीवर माणसं काय काम करतात हे त्यावर लिहायचं, ही त्यांची आवडती आकृती. हा छेद नर्मदेला उत्तम लागू पडतो आणि तो ताटावरून भरता येतो.

वर, मंडला-दिंडोरीच्या उतारांवर माती पातळ आणि खडकाळ. तिथे गोंड आणि बैगा शेतकरी कोदो-कुटकी घेतात, कमी पाण्यात आणि हलक्या मातीत येणारी भरडधान्यं. रानात मोहाची फुलं. खाली जबलपूरच्या सपाटीवर काळी माती. शहापुरा, पाटण भागातला हिरवा मटार हिवाळ्यात देशभर जातो. पाऊस संपल्यावर पेरलेला मटार उगवतो कशाच्या पाण्यावर? दोन चहाच्या गाळण्या घ्या, एकीत घाटावरची वाळू, दुसरीत कुटलेली काळी माती. खाली पेले ठेवून दोन्हींवर एकेक वाटी पाणी हळूहळू ओता. वाळूतून पाणी लगेच बदाबदा पडतं. काळ्या मातीतून थेंब थेंब येतं आणि वाटीभर काही परत मिळत नाही. पावसाळ्यातला हा साठा रब्बीला पुरतो. अर्थात खऱ्या शेतात आता वरून सिंचनही असतं, बरगी धरणाचे कालवे आहेत, हेही सांगायचं.

शिंगाडा वेगळा. त्याला शेत नकोच, साचलेलं पाणी हवं. गोंड राजांच्या काळापासून जबलपूर तलावांचं गाव. राणी दुर्गावतींच्या नावाने राणीताल, त्यांच्या दासीच्या नावाने चेरीताल, दिवाण अधारसिंहांच्या नावाने अधारताल अशी परंपरा सांगतात. कठीण ग्रॅनाइटच्या खळग्यांत पाणी टिकतं. एकादशीच्या शिंगाड्याच्या शिऱ्यामागे हा दगड आहे. यातले कितीतरी तलाव आता बुजवले गेलेत, आणि मुलांना ही गोष्टही शहराच्या भूगोलातच शिकवायला हवी.

पुढे नरसिंहपूरची तूर, त्याखाली निमाडचा कापूस, आणि भरूचला खाडीत हिलसा मासा. नदीचा एक छेद भरला. आता ताटात उरलेल्या वस्तूंची यादी करा. भात कदाचित बालाघाटच्या चिन्नोरचा, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातला. नारळ किनाऱ्याचा, कोकम कोकणचं, चहा आसामचा, मीठ बहुधा गुजरातचं. हे सगळं खोरं ओलांडून आलं. १८७०च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला आणि कलकत्त्याकडून आलेला लोहमार्ग जबलपूरला जोडला गेला, तेव्हापासून ही ये-जा सोपी झाली. मुलाने वहीत तीन रकाने आखावेत : काय, कुठून, तिथेच का. तिसरा रकाना भरायला वेळ लागतो. लागू द्या.

६. काठीची सावली

भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, असं मुलं सांगतात आणि मोठेही. एक मीटरची सरळ काठी अंगणात रोवा. ओळंबा लावून ती उभीच आहे याची खात्री करा. सूर्याकडे बघायचं नाही, फक्त जमिनीकडे. पावणेबारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूची खूण करा. सावली आखडत जाते, एकदा सर्वांत लहान होते, मग पुन्हा वाढते. वर्षातला बहुतेक काळ सर्वांत लहान सावली बरोबर उत्तरेकडे असते.

२१ डिसेंबरला जबलपूरमध्ये हा क्षण साधारण १२ वाजून ८ मिनिटांनी येतो. बाराला का नाही? आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि जबलपूर ८० अंशांच्या किंचित अलीकडे. अडीच अंशांचा फरक, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे १० मिनिटं. उरलेला दोन मिनिटांचा फरक पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कमी-जास्त वेगामुळे आणि अक्षाच्या कलामुळे.

त्या दिवशी सावली मोजा : सुमारे १०६ सेंटिमीटर, काठीपेक्षा लांब! २१ मार्चच्या सुमारास हीच सावली ४३ सेंटिमीटर भरते. जूनच्या उत्तरार्धात ती जवळजवळ नाहीशी होते, कारण कर्कवृत्त जबलपूरच्या उत्तरेला जेमतेम तीस किलोमीटरवरून जातं. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून या थोड्या दिवसांत, आणि नेमके तेव्हाच मोसमी ढग येतात.

आता नागपूरच्या मामाला कामाला लावा. त्याच दिवशी, तेवढ्याच काठीची सर्वांत लहान सावली त्याने मोजायची. तिथे सुमारे ९८.५ सेंटिमीटर येते, काठीपेक्षा थोडी कमी. दोन्हीकडे काठी आणि सावली प्रमाणात कागदावर काढा, टोकं जोडून त्रिकोण करा आणि वरच्या टोकाशी झालेला कोन कोनमापकाने मोजा. जबलपूरला साडेसेहेचाळीस अंश, नागपूरला साडेचव्वेचाळीस. फरक २ अंशांचा. सूर्य इतका दूर आहे की दोन्ही गावांवर त्याचे किरण समांतरच येतात, मग हा फरक आला तो जमिनीच्या गोलाईमुळे. नागपूर जबलपूरच्या सरळ दक्षिणेला नाही, थोडं पश्चिमेला आहे. म्हणून रस्त्याचं अंतर घ्यायचं नाही, नकाशावर फक्त उत्तर-दक्षिण अंतर मोजायचं. ते सुमारे २२५ किलोमीटर आहे. २ अंशांना २२५, तर पूर्ण ३६० अंशांना त्याच्या १८० पट, म्हणजे ४०,५०० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा खरा परीघ ४०,००८ किलोमीटर आहे. इराटोस्थेनिसने इजिप्तमध्ये सव्वादोन हजार वर्षांपूर्वी हीच रीत वापरली होती.

सावलीत एका सेंटिमीटरची चूक झाली तरी कोन पाव अंशाने सरकतो आणि उत्तर पाच हजार किलोमीटरनी हलतं. काठीचं टोक बोथट असेल तर सावलीची कड पुसट पडते, म्हणून टोकाला भोक पाडलेला पुठ्ठा लावा आणि भोकातून पडलेल्या प्रकाशाच्या ठिपक्याचा मध्य धरा. काठीची उंची त्या भोकापर्यंत मोजायची. एका दिवसाच्या मापावर विसंबू नका. १६ ते २६ डिसेंबरच्या दरम्यान सूर्याची दुपारची उंची फारशी बदलत नाही. त्या दिवसांत दोन्ही गावांत ऊन असेल तेव्हा मोजा, शक्य तितक्या वेळा मोजा आणि सरासरी काढा.